रिटर्न तिकिटाची मुंबई

प्रवासवर्णन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी विमान उभे राहते. आपल्या लायब्ररीत प्रवासवर्णनांचे एक कपाट आहे. त्यात लंडन आहे, पॅरिस आहे, जपान आहे. पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ इतक्या हातांतून गेली आहे की तिची पहिली काही पाने सुटी झाली आहेत. त्या कपाटात मुंबई मात्र नाही. कारण उघड आहे. कर्जत-खालापूरच्या माणसाला मुंबई हा प्रवासच नसतो, ती ‘अप-डाऊन’ असते. आमच्याकडे मुंबईला जाण्याची कारणे ठरलेली आहेत : नोकरी, दवाखाना, नाहीतर कुणाचे लग्न. ‘मुंबई बघायला चाललोय’ असे एखादा म्हणाला, तर त्याची नोकरी गेली की काय अशी शंका यावी!

वास्तविक मुंबई ही बघण्याची वस्तू आहे, हे मराठीत सांगणारा माणूस फार पूर्वी होऊन गेला. मडगावात जन्मलेल्या गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. गोव्याहून आलेल्या माणसाने मुंबई डोळे भरून पाहिली आणि लिहून ठेवली. त्याच १८६३ साली बोरघाटातून आगगाडी जाऊ लागली. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिने लावण्यासाठी आजही कर्जतला थांबावे लागते, आणि त्या वेळात पुण्याकडचा प्रवासी दिवाडकरांचा बटाटेवडा खाऊन घेतो. म्हणजे कर्जत हे लोकांनी थांबण्याचे ठिकाण. आम्ही कर्जतकर मात्र थांबत नाही, पहाटेच्या लोकलने निघून जातो.

उलट मुंबईची माणसे आमच्याकडे बघायला येतात. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली माथेरानचा डोंगर चढून गेले, १९०७ साली नेरळहून वर छोटी गाडी सुरू झाली, तेव्हापासून हा ओघ आहे. आता तर माथेरानच नव्हे, पावसाळ्यात प्रत्येक ओहोळाला ते धबधबा म्हणतात आणि थंडीत आमच्या शेतात पोपटी लावायला येतात. त्यांतल्या काहींना परत जाववत नाही. मग ते जमीन विकत घेतात.

इथेच माझ्या मुंबईच्या सहलीचे मूळ आहे.

आमचे गाव राजनाल्याच्या पाण्यावरचे. कर्जत तालुक्यात ज्यांना हे पाणी मिळते त्यांची शेते पावसाळ्यानंतरही हिरवी असतात. उन्हाळी भात होते. आमचे बावीस गुंठे आहेत. शेजारचा काकांचा तुकडा दोन वर्षांपूर्वी विकला गेला आणि तिथे आता तारेचे कुंपण आहे, एक निळा तलाव आहे आणि राखणदार आहे. आमच्या तुकड्यालाही गिऱ्हाईक आले. मरीन ड्राईव्हला राहणारे एक सेवानिवृत्त गृहस्थ. बाबा येत्या मे महिन्यात फोर्टातल्या त्यांच्या खाजगी कंपनीतून निवृत्त होणार. माझे एम. ए. व्हायचे आहे, धाकट्याचे अजून सगळेच व्हायचे आहे. हिशेबनीस माणूस, त्यांनी कागदावर आकडे मांडले आणि व्यवहार पटतो असे सांगितले. गृहस्थांनी बोलणी करायला घरी चहाला बोलावले. विसाराची रक्कमही तेव्हाच ठरायची होती.

आई इतके दिवस काही बोलली नव्हती. त्या दिवशी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, “मी पण येणार. आणि नुसती चहाला नाही येणार. आधी मुंबई बघणार.”

बाबा म्हणाले, “मुंबईत बघण्यासारखं काय आहे?”

“एकोणतीस वर्षं रोज जाताय, ते काय उगीच?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. जानेवारीतला एक शनिवार ठरला.

आईची आजवरची मुंबई म्हणजे एका रुग्णालयाचा तिसरा मजला. आजीच्या दुखण्यात ती तिथे अकरा दिवस राहिली होती आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती, एवढेच तिला आठवत होते. पण दुसऱ्या एका अर्थाने मुंबई तिच्याइतकी आमच्या घरात कुणालाच ठाऊक नसेल. एकोणतीस वर्षे ती साडेतीनला उठते आहे. कोणती लोकल उशिरा येते, कोणत्या महिन्यात पाणी तुंबते, बोनस कधी होतो, हे सगळे तिला डब्यावरून कळते. डबा अर्धा परत आला म्हणजे गाडीत भांडण झाले!

कर्जतला तिकिटाच्या खिडकीवर बाबा पासवाले आणि आम्ही दोघी रिटर्नवाल्या, अशी वर्गवारी झाली. पास हा माणसाला रोज नेतो. रिटर्न तिकीट मात्र त्या दिवशी परत आणण्याची हमी देते. आईने ते पाकिटात नाही, कमरेच्या पिशवीत ठेवले.

शंभर किलोमीटरचा रस्ता, दोन तासांहून थोडा जास्त वेळ. डावीकडे माथेरानचा डोंगर उन्हात आला. आई भिवपुरी, नेरळ, शेलू, वांगणी अशी स्टेशने मोठ्याने वाचीत होती. बाबांनी भिवपुरी येण्यापूर्वीच डोळे मिटले होते. मान एका बाजूला, हात बॅगेच्या पट्ट्यात अडकवलेले. आई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग मला हळूच म्हणाली, “रोज असेच झोपतात का गं?” मला काय ठाऊक! ठाणे आले आणि बाबा कुणीही न उठवता जागे झाले. मी मनातल्या मनात हिशेब केला होता : वर्षाचे दोनशे नव्वद दिवस धरले तर एकोणतीस वर्षांत सोळा लाख ब्याऐंशी हजार किलोमीटर. तेवढ्यात चंद्रावर दोनदा जाऊन परत येता येते आणि वर थोडे उरते. चंद्रावर जाऊन आलेल्या माणसाला लोक निदान तिथे काय पाहिलेत ते विचारतात.

सीएसएमटीला उतरलो. माझ्या आजोळी अजून ‘व्हीटी’च म्हणतात. १९९६ साली नाव बदलले, पुढे २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडले गेले. पण तिकीट मागताना माणूस ज्या नावाने शिकला ते नाव घेतो. बाबा सवयीने झपाझप भुयारी रस्त्याकडे निघाले. आई थांबली. “अहो, मागे बघायचं आहे ना?”

रस्ता ओलांडून आम्ही पलीकडे उभे राहिलो आणि मागे वळलो. १८७८ साली काम सुरू झाले, दहा वर्षे चालले. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, पण दगडातली पाने, फुले, पक्षी, माकडे हे नक्षीकाम बरेचसे इथल्याच जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचे. म्हणजे आपल्यासारख्याच कुणा पोरांचे. त्यांचे असाइनमेंट अजून उभे आहे! फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ : सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. घुमटावर मशाल घेतलेली बाई, ती म्हणजे ‘प्रगती’. युनेस्कोने २००४ मध्ये ही इमारत जागतिक वारशात घेतली आणि तिच्यासमोर फोटो काढायला जगभरची माणसे येतात.

बाबा मान वर करून पाहत होते. “सकाळी उतरलो की ही पाठीमागे असते,” ते म्हणाले, “आणि संध्याकाळी इंडिकेटरकडे बघत पळायचं असतं.” थोड्या वेळाने म्हणाले, “वाघ आहे हे माहीतच नव्हतं.” हे त्यांनी वाईट वाटून म्हटले असे नाही. एखादी रक्कम खात्यात सापडावी तसे म्हटले.

तिथून चालत ओव्हल मैदानावर गेलो. माझ्या गुणपत्रिकेवर जिचे नाव असते ती मुंबई विद्यापीठाची जुनी वास्तू मी प्रथमच पाहिली. राजाबाई टॉवर दोनशे ऐंशी फूट उंच आहे, १८७८ साली पुरा झाला. तो आखणारे गिल्बर्ट स्कॉट कधी हिंदुस्थानात आलेच नाहीत. लंडनमध्ये बसून त्यांनी तो काढला. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिले आपल्या आईचे. त्या आंधळ्या होत्या, धर्माप्रमाणे दिवस मावळण्याआधी जेवण घ्यायचे, तर घंटेवरून त्यांना वेळ कळावी म्हणून मुलाने टॉवर बांधला, असे सांगतात. गोष्ट खरी असो नसो, आईला ती फार आवडली. आम्ही गवतावर बसून तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे खाल्ले. टॉवरमध्ये टोले पडले. आई म्हणाली, “आमच्या जेवायच्या वेळेला कुणी घंटा नाही बांधली.” बाबा हसले. मी भाकरी मोडत राहिले.

वस्तुसंग्रहालयाबद्दल मी थोडेच लिहिते, कारण तिथे दोन तासांत जे दिसते ते नुसते डोळ्यांवरून जाते. जॉर्ज विटेट यांची ही घुमटाची इमारत १९१४ साली तयार झाली, पण महायुद्धात तिचे इस्पितळ झाले आणि लोकांसाठी ती १९२२ साली उघडली. मीरपूरखासचे मातीचे बुद्ध पाहून बाबा म्हणाले, “आपल्या कोंढाण्याला पण लेणी आहेत ना?” आहेत. राजमाचीच्या पायथ्याशी, आपल्या कॉलेजपासून फार लांब नाहीत, दोन हजार वर्षांची आहेत आणि आपल्या वर्गातल्या किती जणांनी पाहिली आहेत हे विचारून मी कुणाला संकटात टाकीत नाही.

गेटवेवर गर्दी होती. १९११ साली राजा पंचम जॉर्ज इथे उतरला त्याच्या स्मरणार्थ ही कमान. पण ती उभी राहायला १९२४ साल उजाडले आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून निघून गेली. राजाच्या येण्यासाठी बांधली आणि जाण्यासाठी जास्त उपयोगी पडली. धक्क्यावर लाँचवाले घारापुरीच्या नावाने ओरडत होते. परदेशी माणसांची रांग होती.

“हे कुठे चाललेत?” आईने विचारले.

“घारापुरीला. लेणी बघायला.”

“ती कुठे आली?”

“उरण तालुक्यात,” बाबा म्हणाले. “रायगड जिल्हा.”

आईने एकदा त्या रांगेकडे, एकदा आपल्या चपलांकडे पाहिले. “म्हणजे आपण शंभर किलोमीटर इकडे आलो आणि हे पैसे देऊन आपल्या जिल्ह्यात चाललेत!” ती इतकी हसली की शेजारच्या फुगेवाल्यालाही हसू आले.

चहाची वेळ साडेपाचची होती. मरीन ड्राईव्हच्या त्या गोलाई घेतलेल्या सज्जांच्या इमारती तुम्ही चित्रपटांत पाहिल्या असतील. बहुतेक १९३० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतल्या. २०१८ साली युनेस्कोने त्यांनाही वारशात घेतले. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी दार स्वतः उघडले, आईला चांगली खुर्ची दिली. खिडकीतून सगळा समुद्र दिसत होता. एवढा समुद्र रोज पाहणाऱ्या माणसाला आमच्या बावीस गुंठ्यांत काय दिसले असेल, असा प्रश्न मला पडला. त्यांनीच त्याचे उत्तर दिले. “इथे आवाज थांबत नाही हो. तुमच्याकडे रात्री बेडूक ऐकू येतात.” ते खरेच म्हणत होते. बायको गेल्यापासून त्यांना झोप लागत नव्हती, हेही त्यांनी सांगितले.

आई म्हणाली, “शेत ठेवणार की घर बांधणार?”

“छोटं घर. दोन-चार आंबे लावीन. बाकी सगळं लॉन.”

“लॉन म्हणजे?”

“हिरवळ. गवत.”

आई काही क्षण गप्प बसली. मग अगदी सरळपणे म्हणाली, “गवत तर आम्ही काढून टाकतो.”

तिने टोमणा मारला नव्हता. गृहस्थ दिलखुलास हसले, बाबा थोडे अवघडून हसले. बोलणी पुढे सरकली नाहीत असे नव्हे. आकडा बोलला गेला आणि तो बाबांच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा मोठा होता. तो ऐकून माझ्याही पोटात काही हलले. एम. ए.ची दोन वर्षे, होस्टेल, पुस्तके, सगळे त्यात बसत होते. शेत विकू नये म्हणणाऱ्यांपैकी मी आहे असे समजू नका. साडेतीनला उठणारी बाई आणि सोळा लाख किलोमीटर गाडीत झोपलेला माणूस यांना शेतीचे काव्य ऐकवण्याची माझी हिंमत नाही. बाबा म्हणाले, “आम्ही कळवतो.” खिशातली वही त्यांनी काढली नाही.

खाली आलो तेव्हा दिवे लागले होते. गिरगावच्या चौपाटीपर्यंत ती ओळ वळत गेलेली, ‘राणीचा हार’ म्हणतात ती. आम्ही कठड्यावर बसलो. मला वाटले आई म्हणेल, किती सुंदर. ती म्हणाली, “हे आमच्या आबांचं.”

आबा म्हणजे तिचे वडील. तिचे माहेर खोपोली. आबा तिथल्या वीजकेंद्रात पाइपांच्या देखभालीला होते. जमशेटजी टाटांचे हे जुने स्वप्न. ते १९०४ साली गेले आणि त्यांच्या मागे मुलांनी ते पुरे केले. लोणावळ्याच्या माथ्यावर पावसाचे पाणी धरणांत अडवायचे, पाइपांतून पाचशे मीटर खाली घाटातून सोडायचे आणि त्याच्या जोरावर वीज करायची. १९१५ साली खोपोलीचे केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना ती वीज जाऊ लागली. १९२२ साली आमच्या तालुक्यात भिवपुरीचे झाले. १९४२ साली भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले ते मुंबईला जाणाऱ्या याच ओळीवरचे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. दरवर्षी आपण वर्गात त्यांच्याविषयी ऐकतो, पण मनोरे का पाडले याचा अर्थ मला मरीन ड्राईव्हवर बसून कळला.

आज मुंबईला उन्हाळ्यात चार हजार मेगावॅटच्या वर वीज लागते आणि खोपोलीचे केंद्र बहात्तरचे. म्हणजे त्या हारातला एखादा मणीसुद्धा आबांचा असेल की नाही कोण जाणे. हे मी आईला सांगितले नाही. तीच सांगत होती : पाऊसकाळात पाइपांवर चढून जाणारे आबा, रात्रपाळीला जाणारा त्यांचा कंदील, घरात मात्र तिच्या मोठ्या भावाच्या जन्मापर्यंत चिमणी. “आबा म्हणायचे, पाणी घाटातून खाली आलं की मुंबईला उजेड पडतो. मला वाटायचं पाणीच मुंबईला जातं. मग लग्न होऊन इकडे आले, तर पाणी आपल्या नाल्यात!”

तिचे म्हणणे खरे आहे. वीज करून झाल्यावर खोपोलीचे पाणी पाताळगंगेत पडते आणि भिवपुरीचे राजनाल्याला व उल्हास नदीला मिळते. आमचे उन्हाळी भात त्यावर होते. मुंबईने उजेड काढून घेतलेले पाणी आम्ही शेतात घेतो. त्यात कमी काही झालेले दिसत नाही.

परतीच्या गाडीत गर्दी होती. बाबांनी कोपराने जागा केली आणि आईला बसवले. तिच्यासमोर दांडीला धरून ते स्वतः उभे राहिले. ठाण्यापर्यंत कुणी बोलले नाही. डोंबिवलीला गाडी बरीच रिकामी झाली आणि बाबा तिच्याशेजारी कडेला, चौथ्या सीटवर, अर्धे बाहेर टेकले. संध्याकाळची त्यांची ती नेहमीची जागा म्हणे.

“आकडा चांगला आहे,” ते म्हणाले.

“आहे की,” आई म्हणाली. “पण रोप लावणीला आलंय. पुढच्या आठवड्यात माणसं सांगितलीत मी.”

बाबा बदलापूर येईपर्यंत विचार करीत बसले. “मेपर्यंत थांबायला सांगू त्यांना. तशी मी पण मेमध्येच मोकळा होतोय.”

“सांगा. आणि त्यांना म्हणावं, बेडूक ऐकायला तोवर या. त्याला काही जमीन लागत नाही.”

गृहस्थ खरेच आले, फेब्रुवारीत एका रविवारी. बांधावर खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत बसले. आईने त्यांना आंबेमोहराचा भात वाढला, त्यांनी दोनदा मागून घेतला. थंडीत बेडूक काही ओरडले नाहीत. व्यवहाराचा विषय त्यांनी काढला नाही, बाबांनीही नाही. जाताना एवढेच म्हणाले की पुन्हा येईन, पाऊस पडल्यावर.

हा लेख संपादकांकडे देते आहे तेव्हा भात पोटरीला आले आहे. बाबांचा पास ३१ मेपर्यंतचा आहे. आई मात्र अधूनमधून विचारते, की घारापुरीची ती लाँच किती वाजता सुटते.